किती घाबरलात ते विचारता, कशाला घाबरलात तेही विचारा

(गर्भारपणातल्या आजारांवर संशोधन करणाऱ्या मंडळींना आणि त्यांचे आराखडे तपासणाऱ्या नैतिकता समित्यांना खुलं पत्र)

सप्रेम नमस्कार,

तुमच्या अभ्यासांच्या प्रश्नावल्या ज्यांच्या हातून भरल्या जातात, त्यांपैकी मी एक. आराखडा तुम्ही लिहिता, मंजुरी समिती देते, आकडेमोड संख्याशास्त्रज्ञ करतात आणि वॉर्डात खाटेशेजारी स्टूल ओढून ‘ताई, थोडं बोलायचं का?’ असं विचारायला आमच्यासारखी माणसं जातात. शोधनिबंधाच्या शेवटी आभारांच्या ओळीत कधीमधी आमचा उल्लेख येतो, कधी येत नाही. त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते प्रश्नावलीतल्या एका प्रश्नाबद्दल.

‘शस्त्रक्रियेबद्दल तुम्हाला किती भीती वाटते?’ पुढे पाच चौकोन: अजिबात नाही, थोडी, मध्यम, बरीच, अतिशय. एकावर खूण करायची आणि पान उलटायचं.

रक्तदाब वाढला म्हणून दाखल झालेल्या एका बाईंना मी हा प्रश्न वाचून दाखवला. एका हाताला सलाईन, दुसऱ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा. तो मधूनमधून आपोआप फुगायचा आणि तेवढा वेळ त्या बोलायच्या थांबायच्या. त्यांनी मलाच उलट विचारलं, “कशाची म्हणता? भुलेची, कापण्याची, की बाळाची?” फॉर्मवर याची सोय नव्हती. मग त्याच सांगू लागल्या. कापण्याचं काही वाटत नाही, म्हणाल्या. पण पाठीत इंजेक्शन दिल्यावरही मला दुखलं, मी तसं सांगितलं आणि ‘तो नुसता दाब आहे, दुखणं नाही’ असं म्हणून कोणी ऐकलंच नाही, तर? मी ‘बरीच’वर खूण केली. संगणकात आकडा गेला ४.

आता ही भीती खुळचट होती का, ते तुमच्याच शास्त्राला विचारू. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी २०१४ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. पूर्ण भूल दिलेली असताना मध्येच जाग आल्याचं रुग्णांनी नंतर सांगितलं, याचं प्रमाण सगळ्या शस्त्रक्रिया मिळून साधारण १९,०००त एक निघालं. सिझेरियनमध्ये ते ६७०त एक होतं. हल्ली बहुतेक सिझेरियन पूर्ण भुलेखाली होत नाहीत, पाठीत इंजेक्शन देऊन होतात. तिथे बाई जागीच असते आणि आत ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवणं अपेक्षितच असतं. पण काही जणींना त्यापलीकडे, खरोखरचं दुखतं, हे कुठलाही भूलतज्ज्ञ मान्य करेल. म्हणून तर चिरा देण्याआधी गार फवारा किंवा बर्फ अंगाला लावत, खालून वर छातीपर्यंत जात, ‘गार लागतंय का?’ असं विचारलं जातं. लागत असेल तर थांबतात, औषध वाढवतात, वेळ पडली तर पूर्ण भूल देतात.

त्या बाईंना हवं होतं ते एवढंच. आधी तपासतात, दुखलं तर बोलायचं असतं, आणि बोलल्यावर पुढे काय करतात. हे सांगायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. पण त्यांचा प्रश्न ४ या आकड्यात गेला तो गेलाच.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ४ हा आकडा जास्त आहे, म्हणून तो खाली कसा आणायचा यावर अभ्यास होतात. संगीत ऐकवतात, श्वासाचे व्यायाम करून घेतात, चित्रफीत दाखवतात. आकडा ३ होतो, ‘हस्तक्षेप परिणामकारक’ असा निष्कर्ष निघतो. संगीताला माझा विरोध नाही. ऑपरेशन थिएटरच्या दारात वाट बघताना कानाला काही बरं लागलं तर चांगलंच. पण दुखल्यावर कोणी ऐकेल का, या प्रश्नाला बासरी हे उत्तर कसं होईल?

सगळीच मोजमापं अशी नसतात, हेही कबूल करायला हवं. १९९६ साली ॲमस्टरडॅममध्ये तयार झालेली सहा विधानांची छोटी मोजपट्टी घ्या. ती भुलेची काळजी आणि शस्त्रक्रियेची काळजी वेगवेगळी विचारते आणि तुम्हाला आणखी माहिती हवी आहे का, हेही विचारते. सहाच विधानं, पण बनवणाऱ्यांनी माणसासमोर बसून विचार केलेला दिसतो. बाळंतपणाच्या भीतीसाठी स्वीडनमध्ये तयार झालेली ३३ प्रश्नांची प्रश्नावलीही बऱ्याच खोलात जाते. अडचण पुढे येते. या सगळ्याची शेवटी बेरीज होते, बेरजेवर एक रेघ मारली जाते आणि रेघेच्या वर असेल ती ‘तीव्र भीती असलेली’ ठरते. एकीला भुलेची धास्ती, दुसरीला आधीच्या बाळंतपणात झालेल्या अपमानाची, तिसरीला घरी ठेवून आलेल्या लहानग्याची. तिघींची बेरीज एकच.

‘फार खोलात विचारलं तर नसलेली भीती डोक्यात शिरते’ हे मी अनेकदा ऐकलं आहे. याचं उत्तर १९६४ सालीच देऊन झालंय. अमेरिकेत लॉरेन्स एगबर्ट या भूलतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवर एक साधा प्रयोग केला. काही रुग्णांना आदल्या दिवशी भेटून स्पष्ट सांगितलं: नंतर दुखेल, इथे दुखेल, अमुक कारणाने दुखेल, कुशीवर वळताना असं वळा, औषध लागलं तर मागा. बाकीच्यांना हे काही सांगितलं नाही. ज्यांना सांगितलं होतं, त्यांना नंतर वेदनाशामक औषध जवळपास निम्मंच लागलं. साठ वर्षं होऊन गेली. तरी ‘कशाला उगाच घाबरवायचं’ हे वाक्य प्रत्येक वॉर्डात अजून ऐकू येतं.

मॅग्नेशियम सल्फेटचंच बघा. गर्भारपणात रक्तदाब वाढून झटके येऊ नयेत म्हणून ते देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३३ देशांतल्या सुमारे १०,००० बायकांनी भाग घेतला आणि या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो हे सिद्ध झालं. संशोधनाने बायकांचे जीव वाचवल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्याच चाचणीत हेही नोंदलं गेलं की औषध मिळालेल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या बायकांना काही ना काही त्रास जाणवला, मुख्यतः अंगातून एकदम उष्णतेची लाट उसळल्यासारखा. नकली औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. म्हणजे आकडा आहे, छापलेला आहे. तरीही सलाईनमधून औषध सुरू होताच ‘मला काहीतरी होतंय, मी जळतेय’ म्हणून हात घट्ट धरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

बायकांचं म्हणणं मनाचे खेळ म्हणून बाजूला सारलं की शास्त्राचं किती नुकसान होतं, याचा दाखला गर्भारपणातल्या अतिवांतीच्या आजारात आहे. सकाळची मळमळ वेगळी. इथे पाणीही पोटात ठरत नाही, वजन उतरतं, दिवसेंदिवस सलाईनवर राहावं लागतं आणि बी-१ जीवनसत्त्व संपून मेंदूला इजा होऊ शकते. विसाव्या शतकात बराच काळ याचं स्पष्टीकरण काय दिलं जायचं? बाईला मनातून मूल नको आहे. एकदा हे स्पष्टीकरण स्वीकारलं की रक्तात काय चाललंय हे कोण शोधणार? मार्लेना फेझो या जनुकशास्त्रज्ञ १९९९ साली स्वतः या आजारातून गेल्या, त्यांचा गर्भही गेला, आणि मग त्यांनी हाच विषय धरून ठेवला. २०१८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून जीडीएफ-१५ या संप्रेरकाकडे बोट दाखवलं गेलं. २०२३च्या अखेरीस त्या आणि त्यांचे सहकारी यांनी चित्र आणखी स्पष्ट केलं: गर्भाकडून हे संप्रेरक आईच्या रक्तात येतं, आणि गर्भारपणाआधी जिच्या अंगात ते कमी असतं तिला त्याचा जास्त त्रास होतो. कारण सापडायला इतका काळ लागला, कारण ‘मला वेगळंच काहीतरी होतंय’ असं सांगणाऱ्यांच्या सांगण्याला पुरावा मानायची कोणाची तयारी नव्हती.

म्हणजे प्रत्येक भीती खरी धरा, असं माझं म्हणणं नाही. काही भीती आकड्यांपुढे टिकत नाहीत. पाठीतल्या इंजेक्शनने कंबर कायमची धरते ही समजूत फार घट्ट आहे. प्रसूतीच्या वेळी पाठीतून भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. त्या इंजेक्शननंतर काही जणींना होणारी डोकेदुखी मात्र खरी आहे, बसलं की वाढते, आडवं झालं की कमी होते, आणि तिच्यावर इलाज आहे. गर्भारपणात अपेंडिक्स सुजलं तर ‘शस्त्रक्रियेने बाळाला काही होईल’ म्हणून बायका दुखणं अंगावर काढतात. खरं तर अपेंडिक्स फुटलं तर बाळाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून गरजेची शस्त्रक्रिया कुठल्याही महिन्यात टाळू नये असंच प्रसूतितज्ज्ञांच्या संघटना सांगतात. गर्भनलिकेत गर्भ राहिला तर ‘नळी काढली म्हणजे मूल होण्याचं संपलंच’ असं वाटतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत, दुसरी नळी धडधाकट असलेल्या बायकांपैकी नळी वाचवलेल्या गटात पुढच्या ३६ महिन्यांत नैसर्गिकरीत्या गर्भ राहून टिकण्याचं प्रमाण ६०.७ टक्के आणि नळी काढलेल्या गटात ५६.२ टक्के होतं. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. हा आकडा रडणाऱ्या बाईच्या हातात ठेवण्यासारखा आहे. पण तिची भीती नेमकी नळीची आहे, हे कोणी टिपलं असेल तरच तो तिच्यापर्यंत पोचेल.

आणि काही प्रश्न असे असतात की आकड्यांनीही सुटत नाहीत, उलट जास्त अवघड होतात. प्री-एक्लाम्प्सियावर, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या आजारावर, शेवटचा इलाज एकच: बाळ आणि वार बाहेर काढणं. पण केव्हा? ३४ ते ३७ आठवड्यांच्या मधल्या बायकांवर इंग्लंड आणि वेल्समध्ये झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने सांगितलं की थांबण्यापेक्षा प्रसूती लवकर केली तर आईच्या गुंतागुंती कमी होतात, मात्र बाळांना नवजात कक्षात ठेवावं लागण्याचं प्रमाण वाढतं. आता ‘बाळ लवकर काढायची भीती वाटते’ म्हणणाऱ्या बाईला तुम्ही ‘चिंताग्रस्त’ म्हणणार? तिने तुमच्या चाचणीचा निष्कर्षच, न वाचता, अचूक सांगितलेला असतो.

मला सगळ्यात जास्त खटकते ती पाठपुराव्याची मुदत. मातामृत्यूची व्याख्या प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांपर्यंत जाते, आणि बहुतेक अभ्यासही तिथेच कुठेतरी आवरते घेतात. बायकांची भीती इतक्या लवकर संपत नाही. ‘पुढच्या खेपेला काय?’ हे मी वॉर्डात सतत ऐकते. ते रास्तही आहे. एका सिझेरियननंतर पुढच्या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला तर जुना व्रण फाटण्याची शक्यता साधारण २००त एक असते. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर ती आत रुतून बसण्याचा धोका दर सिझेरियनगणिक वाढतो: २००६ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, अशी खाली असलेली वार घेऊन पहिलं सिझेरियन होणाऱ्यांत तो ३ टक्के, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात ४० टक्के निघाला. रक्तदाबाचंही तेच. प्री-एक्लाम्प्सिया झालेल्या बायकांना पुढे आयुष्यात हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. सहाव्या आठवड्यात टाके बघून ‘सगळं छान आहे’ म्हणून फाइल बंद करणाऱ्या अभ्यासात यातलं काय दिसणार?

शिवाय भीती शस्त्रक्रियेचीच असते, हेही तुम्ही धरून चालता. नेडीन माँटगोमेरी यांचा खटला तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. त्यांना मधुमेह होता, बांधा लहान होता, बाळ मोठं असेल अशी काळजी त्यांनी बोलून दाखवली होती. मधुमेही आईच्या बाळाचा खांदा अडकण्याचा धोका ९ ते १० टक्के असतो, हे त्यांना सांगण्यात आलं नाही. सांगितलं तर सगळ्याच जणी सिझेरियन मागतील, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. १९९९ साली प्रसूतीत बाळाचा खांदा अडकला आणि त्याला कायमची इजा झाली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निकाल दिला: त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो सांगितलाच पाहिजे. त्या बाईंना भीती होती ती शस्त्रक्रिया न होण्याची. तुमच्या पाच चौकोनांत ती ‘अजिबात नाही’ म्हणून नोंदली गेली असती.

नकाराबद्दलही दोन शब्द. अभ्यासात यायला किंवा शस्त्रक्रियेला नाही म्हणणाऱ्या बाईसमोर आम्ही ‘नकार’ असा कोड टाकतो आणि ती हिशोबातून बाहेर जाते. का नाही म्हणाली, याला रकाना नसतो. म्हणजे सगळ्यात जास्त घाबरलेल्या बायकांबद्दल भीतीच्या अभ्यासाला सगळ्यात कमी माहिती. औषधांच्या चाचण्यांत तर गर्भार बाईला विचारायच्या आधीच वगळतात. थॅलिडोमाइडने हजारो मुलं अपंग जन्मली; ते औषध गर्भारपणात नीट तपासल्याशिवायच गर्भार बायकांना दिलं गेलं होतं. त्यावरून धडा काढला तो तपासणीतून त्यांना दूर ठेवण्याचा. २०२० मध्ये कोविडच्या लशींच्या पहिल्या मोठ्या चाचण्यांतही त्यांना घेतलं नव्हतं, आणि मग ‘लस घेऊ का?’ या प्रश्नावर महिनोन्‌महिने कोणालाच ठाम बोलता येईना. केवळ गर्भार आहे म्हणून बाईला दुबळी समजू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत २०१६ साली लिहिलं गेलं आहे. समित्यांनी ते पान पुन्हा एकदा उघडावं.

मग करायचं काय? चौकोन राहू द्या, त्याखाली दोन रेघा मोकळ्या सोडा: ‘कशाची?’ आम्ही ते बाईच्याच शब्दांत लिहू. मोकळ्या उत्तरांचं वर्गीकरण कोण करत बसणार, असं विचाराल, तर आम्हीच करू. भीतीचे प्रकार वाटतात तेवढे अगणित नसतात, आणि एकदा गट पाडले की तुमचे संख्याशास्त्रज्ञ त्यांचीही गणितं मांडू शकतात. आणि शस्त्रक्रियेनंतर, ती बसून दूध पाजण्याइतकी सावरली की, पुन्हा विचारू द्या: ज्याची भीती होती ते झालं का? झालं तेव्हा कोणी काय केलं? माझ्या मते तुमच्या क्षेत्रात यापेक्षा स्वस्त आणि उपयोगी प्रश्न दुसरा नसेल. त्याची उत्तरं जमली तर पुढच्या बाईला ‘घाबरू नका’ याऐवजी काहीतरी नेमकं सांगता येईल.

प्रश्न ठरवतानाच या आजारांतून गेलेल्या बायकांना टेबलाशी बसवा, प्रश्नावली छापून झाल्यावर ‘भाषा सोपी आहे ना?’ एवढंच विचारायला नको. ब्रिटनमधली जेम्स लिंड अलायन्स ही संस्था हे काम २००४ पासून करते आहे, रुग्ण आणि डॉक्टर एकत्र बसून संशोधनाचे प्रश्न क्रमाने लावतात. ते जमतं हे सिद्ध झालं आहे.

शेवटचं समित्यांसाठी. बाळंतिणीच्या नैराश्यासाठी १९८७ सालची एडिनबरा मोजपट्टी वापरली जाते. तिच्या दहाव्या प्रश्नात स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल विचारलेलं असतं, आणि तिथे ‘हो’ आलं तर त्याच दिवशी कोणाला कळवायचं याची तजवीज आराखड्यात मागण्याची पद्धत आहे. शस्त्रक्रियेच्या भीतीबद्दल तुम्ही हे विचारत नाही. बाई ‘अतिशय’वर बोट ठेवते, मी खूण करते, फॉर्म कुलूपबंद कपाटात जातो आणि ती तासाभरात थिएटरमध्ये जाते. तिच्या भूलतज्ज्ञाला यातलं काहीही कळलेलं नसतं. गोपनीयतेच्या नियमामुळे मीही सांगू शकत नाही. म्हणून पुढच्या बैठकीत भीती मोजणारा आराखडा समोर आला, तर त्यात एक ओळ शोधा: ‘अतिशय’ असं उत्तर आल्यास, बाईची संमती घेऊन, ते कोणाला आणि शस्त्रक्रियेच्या आधी किती वेळात कळवलं जाईल. ती ओळ नसेल तर आराखडा परत पाठवा.

कळावे,
तुमच्या प्रश्नावल्या भरून घेणारी एक संशोधन सहायिका